पांढऱ्या गुलाबाला फवारा नको

दर जूनमध्ये इथल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर गुलाबांचे फोटो फिरतात, आणि ऑगस्टमध्ये त्याच मंडळींचे प्रश्न येतात. पानांवर काळे ठिपके पडलेत, पानं पिवळी होऊन गळतायत, झाडाच्या खालच्या काड्या उघड्या पडल्यात, कोणता फवारा मारू? खाली लगेच तीन-चार उत्तरं येतात. गार्डन सेंटरमधल्या बाटलीचा फोटो, कडुनिंबाचं तेल, खायचा सोडा, कुणाच्या तरी सासूबाईंचा ताकाचा प्रयोग. माझं उत्तर या गर्दीत हरवतं म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. काही मारू नका. आणि झाड अजून घ्यायचं असेल, तर ज्याला फवाऱ्याची गरजच पडणार नाही असं घ्या.

यातले निम्मे गुलाब पांढरे असतात, आणि त्यात नवल नाही. पांढऱ्या फुलाची ओढ आपण सामानातून घेऊन येतो. तगर, मोगरा, प्राजक्त यांच्यातलं एकही इथल्या हिवाळ्यात बाहेर तग धरत नाही. मोगऱ्याची कुंडी खिडकीत ठेवून वर्षाला सात फुलं मोजणारी घरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्यामुळे देवासाठी चार पांढरी फुलं हवीत म्हणून गुलाब येतो. पण पांढऱ्या गुलाबाच्या स्वतःच्या काही अडचणी आहेत, आणि त्या ब्रिटनच्या हवेशी बांधलेल्या आहेत.

आधी त्या ठिपक्यांबद्दल. तो ‘डिप्लोकार्पन रोझी’ नावाच्या बुरशीचा उद्योग. ही बुरशी फक्त गुलाबावर जगते. शेजारच्या टोमॅटोला किंवा कोथिंबिरीला तिच्यापासून काही भय नाही. तिचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडून एका पानावरून दुसऱ्यावर जातात. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की बीजाणू रुजतो आणि पानाच्या वरच्या कातडीखाली पसरतो. आठवडा-दहा दिवसांत ठिपका दिसू लागतो. आजारी पान इथिलीन हा वायू सोडतं (केळी पिकवणारा तोच वायू), मग पिवळं पडतं आणि गळतं. गळलेल्या पानांत आणि काड्यांवरच्या डागांत बुरशी हिवाळा काढते. वसंतात पाऊस आला की पुन्हा तेच चक्र.

यातली सोयीची गोष्ट अशी, की ठिपका दिसला म्हणजे लागण आधीच होऊन गेलेली असते. बाजारातली बुरशीनाशकं मुख्यतः प्रतिबंधासाठी असतात. ती पान निरोगी असताना मारायची आणि लेबलवर दिलेल्या अंतराने पुन्हा मारायची. ऑगस्टमध्ये अर्धं झाड काळं पडल्यावर आणलेली बाटली ते पान वाचवत नाही. ती आणणाऱ्याचं समाधान तेवढं करते.

आता या रोगाच्या इतिहासाकडे येतो, कारण माझं मत खरं तर तिथून बनलं आहे. शंभर वर्षांपूर्वी लंडन, लीड्स, शेफील्डसारख्या शहरांत गुलाब लावणाऱ्याला या ठिपक्यांचा फारसा त्रास नव्हता. कारण हवेत होतं. घरोघरच्या शेगड्यांत आणि गिरण्यांच्या बॉयलरमध्ये कोळसा जळत होता, आणि कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होऊन तो शहरभर पसरत होता. आपल्याकडे नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार भुरीवर गंधकाची भुकटी धुरळतो. इथल्या धुरांड्यांनी तेच काम फुकटात आणि चोवीस तास केलं. फरक इतकाच, की बागायतदार गंधक वेलीवर टाकतो आणि इथे ते लोकांच्या फुप्फुसांतही जात होतं.

डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर जे धुकं बसलं त्यात सुमारे ४,००० माणसं दगावल्याचा अंदाज तेव्हाच केला गेला होता. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० च्या आसपास नेला. त्यातून १९५६ चा ‘क्लीन एअर ॲक्ट’ आला. शहरांमधला काळा धूर हळूहळू कमी झाला, आणि बागांमध्ये काळे ठिपके वाढले. १९६६ मध्ये सॉन्डर्स या संशोधकाने हा संबंध मोजून दाखवला. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर होती अशा भागांत हा रोग जवळजवळ दिसत नव्हता. हवा जिथे त्याहून स्वच्छ, तिथे तो जोरात होता.

तिथून आज आपण कुठे आलो आहोत पाहा. १९७० च्या तुलनेत ब्रिटनचं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन ९८ टक्क्यांच्या आसपास घटलं आहे. नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे कोळशावर चालणारं शेवटचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. आकाशातून पडणारं गंधक इतकं कमी झालंय की इथल्या गव्हाच्या आणि मोहरीवर्गातल्या रेपच्या शेतांना आता ते खतातून विकत घालावं लागतं. म्हणजे तुमच्या गुलाबाच्या पानावरचा काळा ठिपका हा तुम्ही आणि तुमची मुलं जी हवा घेता तिच्या स्वच्छतेचा दाखला आहे. दगडफुलासारखाच. मला तरी तो ठिपका बघून फार वाईट वाटत नाही.

“ते ठीक आहे, पण झाड मरेल त्याचं काय?” हा प्रश्न रास्त आहे. जम धरलेलं झुडूप एखाद्या उन्हाळ्यात पानं गेली म्हणून मरत नाही. मात्र दरवर्षी जुलैपासून उघडं पडणारं झाड अन्न कमी बनवतं आणि दर हिवाळ्यात थोडं थोडं खचत जातं. म्हणून सारा भर निवडीवर हवा. गुलाबाच्या जातींमध्ये या बुरशीला तोंड देण्याची ताकद कमी-जास्त असते, आणि हा फरक फार मोठा आहे. विसाव्या शतकात पिवळ्या आणि केशरी रंगाच्या हव्यासापायी ‘रोझा फेटिडा’ या पश्चिम आशियाई गुलाबाचं रक्त संकरांमध्ये आणलं गेलं. १९०० मध्ये आलेला ‘सोलेय द’ऑर’ ही त्याची सुरुवात. त्या रक्ताबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याची सवयही पुढच्या पिढ्यांमध्ये उतरली. पुढे बुरशीनाशकं हाताशी होतीच, त्यामुळे नाजूक पानांच्या जातीही बाजारात खपून गेल्या. १९५८ चा ‘आइसबर्ग’ हा जगातल्या सर्वांत लोकप्रिय पांढऱ्या गुलाबांपैकी एक. फुलं मुबलक देतो, काटे कमी. पण दमट उन्हाळ्यात त्याची पानं टिकत नाहीत. भारतातल्या कोरड्या हिवाळ्यात तो छान वागतो. ब्रिटनमध्ये, त्यातही पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला, मी तो लावायला सांगणार नाही.

पांढऱ्या रंगामुळे येणारी दुसरी अडचण बहुतेक लेखांत सापडत नाही. पांढऱ्या पाकळीत पांढरं रंगद्रव्य नसतं. लाल-गुलाबी गुलाबात अँथोसायनिन असतं, पिवळ्यात कॅरोटिनॉइड. पांढऱ्यात डोळ्याला दिसेल असं यातलं काहीच नसतं. पाकळीच्या आत पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि पाणी-हवेच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो. बर्फ आणि दुधाचा फेस पांढरे दिसतात त्याच कारणाने. मुलांना करून दाखवा: पांढऱ्या गुलाबाची एक पाकळी घ्या आणि चमच्याच्या पाठीने दाबा. हवा निघून गेली की दाबलेला भाग पांढरा न राहता तेलकट कागदासारखा पारदर्शक होतो. रंग गेला नाही, कारण रंग नव्हताच. गंमत म्हणजे मधमाशीला हीच पाकळी पांढरी दिसत नाही. पाकळीतली फ्लॅव्होनॉल्स अतिनील किरणं शोषून घेतात. मधमाशीचे डोळे ती किरणं पाहू शकतात, त्यामुळे तिच्या हिशेबात हे फूल निळसर-हिरवं आहे.

पांढरं असणं किती नाजूक आहे याचा एक पुरावा म्हणजे ‘विंचेस्टर कॅथेड्रल’. डेव्हिड ऑस्टिन यांनी १९८८ मध्ये आणलेला हा पांढरा गुलाब ‘मेरी रोझ’ या त्यांच्याच गुलाबी जातीच्या एका फांदीवर आपोआप झालेल्या बदलातून मिळाला. अजूनही कधीकधी त्याच्या एखाद्या पाकळीवर गुलाबी झाक उमटते, नाहीतर सबंध फांदीच गुलाबी होऊन बसते. असं झालं तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका. ती फांदी मुळाशी कापून टाका, किंवा आवडली तर राहू द्या.

आता पावसाकडे. रंगद्रव्य नसल्याने पांढऱ्या पाकळीवर काहीही झाकत नाही. फ्रिजमधल्या स्ट्रॉबेरीवर जी राखाडी लव येते ती बोट्रायटिस बुरशी ओल्या गुलाबावरही बसते, आणि पांढऱ्या पाकळीवर तिचे गुलाबी ठिपके उठतात. गडद लाल गुलाबावर ते दिसणारही नाहीत. शिवाय शंभर पाकळ्यांचा टपोरा कळा सलग तीन दिवस भिजला की बाहेरच्या पाकळ्या चिकटतात, कळी उघडतच नाही आणि आतल्या आत तपकिरी होऊन कुजते. इथल्या जूनमध्ये असे तीन दिवस हमखास येतात.

म्हणून माझा आग्रह कमी पाकळ्यांचा आहे. पाच पाकळ्यांचं किंवा फार तर दोन-तीन घेरांचं फूल पावसात भिजतं, वाऱ्याने सुकतं आणि पुन्हा उभं राहतं. त्याला एक आणखी मोठी बाजू आहे. गुलाब मध फारसा देत नाही, परागकण देतो. भरगच्च फुलात बरेचसे पुंकेसर पाकळ्यांमध्ये रूपांतरित झालेले असतात आणि उरलेल्यांपर्यंत माशीला पोचता येत नाही. साध्या फुलाच्या मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका उघडा असतो. जूनच्या सकाळी भुंगमाशा त्यात अंग घुसळून घेतात आणि त्यांच्या पंखांची गुणगुण दोन हातांवरून ऐकू येते. अशा झाडावर रसायन फवारायला हात तरी कसा उठेल?

जातींची नावं विचाराल तर मी तीनच सांगेन.

पहिली ‘अल्बा सेमिप्लेना’. युरोपात शेकडो वर्षं लावली जाते आणि यॉर्कच्या घराण्याचा पांढरा गुलाब म्हणून तीच सांगितली जाते. लीड्स-ब्रॅडफर्डकडच्या मंडळींना हा गुलाब यॉर्कशरच्या निळ्या ध्वजावर रोज दिसत असेल. बल्गेरियात अत्तरासाठीच्या गुलाबशेतीत हिचीही लागवड होते, त्यावरून वासाची कल्पना यावी. पानं निळसर-राखाडी आणि निरोगी. माणसापेक्षा उंच होते. थोडी सावलीही सोसते. उत्तरेकडे तोंड असलेल्या, आपल्या वाट्याला येणाऱ्या त्या चिंचोळ्या बागांसाठी हा मोठाच गुण आहे. एकच अट: ती वर्षातून एकदाच, जूनच्या आगेमागे फुलते.

हे ऐकून अनेकजण मागे सरतात, कारण आपल्याला गुलाब म्हणजे बारमाही हे गृहीत असतं. ही सवय युरोपीय गुलाबाची नव्हे. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण चिनी गुलाबांनी आणला. ते अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ब्रिटनमध्ये उतरले, काही तर कलकत्त्याच्या वाटेने. फ्रेंच लोक त्यांना ‘बंगालचे गुलाब’ म्हणत. २०१२ मध्ये फ्रेंच आणि जपानी शास्त्रज्ञांनी यामागचा जनुक शोधला. जुन्या गुलाबांत तो ब्रेकसारखा काम करतो आणि ठरावीक ऋतूखेरीज फुलोरा येऊ देत नाही. चिनी गुलाबांत त्या जनुकात डीएनएचा एक उपटसुंभ तुकडा घुसून बसलेला आहे, त्यामुळे ब्रेक निकामी होतो आणि झाड फुलतच राहतं. आज आपण बारमाही गुलाबाची अपेक्षा करतो ती या एका बिघाडामुळे. मला विचाराल तर एकदाच फुलणाऱ्या झाडात काही वावगं नाही. आंबा बारमाही नाही म्हणून आपण कधी तक्रार केलेली नाही.

तरीही सप्टेंबरपर्यंत फुलं हवीच असतील तर दुसरी जात: ‘रुगोझा’ गुलाबाचा पांढरा प्रकार, ‘अल्बा’. मूळचा जपान आणि आसपासच्या किनाऱ्यांचा. पाच पाकळ्यांची मोठी सुगंधी फुलं, सुरकुतलेली जाड पानं. काळे ठिपके या पानांना फारसे शिवत नाहीत, उलट फवारा मारला तर तीच करपतात. शरदात चेरी टोमॅटोएवढी लालभडक फळं धरतात. त्यांत क जीवनसत्त्व भरपूर असतं. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा ब्रिटनमधली शाळकरी मुलं कुंपणांवरच्या जंगली गुलाबांची फळं वेचून आणत आणि त्यांचं सरबत लहानग्यांना पाजलं जाई. या झाडाबाबत एक सावधगिरी मात्र हवी. रुगोझा किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरून तिथल्या वनस्पतींना हुसकावतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो वन्यजीव कायद्याच्या नवव्या परिशिष्टात आहे. बागेत लावायला परवानगी आहे, पण तो मोकळ्या रानात लावणं किंवा वाढू देणं गुन्हा आहे. समुद्राला लागून घर असेल तर हा नकोच. छाटलेल्या मुळ्या आणि फुटवे बाहेर कुठेही टाकू नका.

तिसरी ‘क्यू गार्डन्स’, २००९ ची जात. काटे जवळपास नाहीत, साध्या पांढऱ्या फुलांचे मोठे घोस येतात आणि हंगामभर येत राहतात. घरात रांगती मुलं असतील तर हीच घ्या.

लावण्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास छाटणी करायची आणि थंडीत फुलं घ्यायची, हे वेळापत्रक डोक्यातून काढून टाकावं लागतं. इथे नोव्हेंबर ते मार्च या काळात पानं नसलेलं, मुळांना माती नसलेलं झाड मिळतं. कुंडीतल्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि बहुतेकदा चांगलं लागतं. दिसायला मात्र जळाऊ काटक्यांसारखं, त्यामुळे पोस्टाने आलेलं पार्सल उघडल्यावर घरचे हसतात. दोन-तीन तास पाण्यात बुडवा. खड्डा मुळ्या पसरतील इतका रुंद करा. डोळा भरलेली गाठ जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खाली येऊ द्या. जिथे आधी गुलाब होता त्याच मातीत नवा लावू नका. झुडपांच्या मध्ये चारेक फूट अंतर ठेवा, कारण वारा खेळला की पानं लवकर सुकतात आणि सात तासांची ती अट पुरी होत नाही. पाणी मुळाशी घालावं, पानांवर शिंपडू नये. हिवाळ्याच्या शेवटी बुंध्याभोवती कुजलेल्या शेणखताचा थर द्यावा. गेल्या वर्षीचे बीजाणू त्याखाली झाकले जातात. मे महिन्यात मावा येईल. पंधरा दिवस धीर धरा, ठिपक्यांचे लाल लेडीबर्ड आणि चिमण्या आपली पंगत बसवतात.

एवढं सगळं करूनही काही ठिपके पडतील. पडू द्या.

फवाऱ्याला माझा विरोध केवळ मधमाश्यांपोटी नाही. इथे हौशी बागांसाठी मिळणाऱ्या बुरशीनाशकांत टेब्युकोनॅझोल हे ट्रायाझोल गटातलं रसायन असतं. माणसाच्या फुप्फुसात ‘ॲस्परजिलस फ्युमिगेटस’ बुरशीचा संसर्ग झाला तर डॉक्टर जी औषधं देतात, व्होरिकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल, तीही याच गटातली. शेतात आणि बागांत या गटाची रसायनं वापरली गेल्याने मातीतल्या ॲस्परजिलसमध्ये प्रतिकार तयार होतो. अशा बुरशीचा संसर्ग झालेल्या रुग्णाला ही औषधं लागू पडत नाहीत. २०१९ मध्ये इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी देशभरच्या स्वयंसेवकांकडून घरच्या बागांमधल्या मातीचे नमुने मागवले होते. त्यांतही असे प्रतिकारक प्रकार सापडले, आणि कंपोस्टमध्ये ते सापडण्याची शक्यता जास्त दिसली. यातला सिंहाचा वाटा शेतीचा आहे हे मान्य. शेतकऱ्यापुढे पीक वाचवण्याचा प्रश्न असतो. आपल्यापुढे प्रश्न आहे तो फोटोत पानं स्वच्छ दिसण्याचा, आणि त्यासाठी एखाद्या केमोथेरपी घेणाऱ्या माणसाचं औषध थोडंही बोथट करणं मला पटत नाही.

कडुनिंबाचं तेल नैसर्गिक आहे म्हणून ते चालेल असा एक युक्तिवाद येतो. त्या न्यायाने गंधकही नैसर्गिकच. पानावर तेलाचा थर बसवून बुरशीचा आणि सोबत मावा खाणाऱ्या कीटकांचाही जीव घुसमटवण्यात मला विशेष सात्त्विक काही दिसत नाही.

देवाला वाहायच्या फुलाबद्दलही दोन ओळी, कारण खरी अडचण पुष्कळांची तिथे असते. डागाळलेलं फूल वाहू नये हे लहानपणापासून कानावर आहे. पण काळे ठिपके मुख्यतः पानांवर पडतात. अल्बाचं किंवा रुगोझाचं सकाळी उमललेलं फूल पावसाआधी तोडलं तर त्याच्यावर डाग असण्याचं कारण नाही. फवारलेलं फूल मात्र दिसायला कितीही निष्कलंक असलं तरी देव्हाऱ्याजवळ रांगणाऱ्या मुलाच्या हाती लागतं, आणि मुलं पाकळ्या तोंडात घालतात.

यंदा ज्यांच्या झाडांना ठिपके पडलेत त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाली गळलेलं प्रत्येक पान गोळा करून कौन्सिलच्या बागकचऱ्याच्या डब्यात टाकावं. घरच्या कंपोस्टमध्ये नको, ते बीजाणू मारण्याइतकं तापत नाही. काड्यांवर जांभळट-काळे डाग असतील तर फेब्रुवारीच्या छाटणीत तेवढा भाग काढून टाका. आणि झाड गेली तीन-चार वर्षं दर जुलैत उघडं पडत असेल, तर ते खणून काढायला आणि मोकळ्या झालेल्या जागेपासून जरा बाजूला नवं लावायला तोच हंगाम सोयीचा आहे.